बारा हजारांची जॉइनिंग: साखळी पद्धतीच्या धंद्यात पैसा नेमका कुठे अडकतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरात राहणाऱ्या एका गृहस्थांच्या पत्नीला तिची मावसबहीण एका कंपनीत यायचा आग्रह करते आहे. १२,००० रुपये भरायचे, त्यात आरोग्याच्या उत्पादनांचा एक बॉक्स मिळतो. मग एक माणूस डावीकडे, एक उजवीकडे असे दोघे जोडायचे. खाली दोन्ही बाजूंना माणसं वाढत गेली की प्रत्येक जोडीमागे १,००० रुपये, कापाकापी होऊन ९०० हातात. पैसे बचत गटाच्या कर्जातून काढायचा विचार चालला आहे. मेव्हण्याने सहा महिन्यांपूर्वी असेच पैसे भरले, त्याचे अजून तीन हजारही सुटलेले नाहीत. आपण भरावेत का, आणि मेव्हण्याने यातून बाहेर कसं पडावं, असं त्यांनी विचारलं आहे.

भरू नका. गटाच्या कर्जाला तर हातच लावू नका. हे सांगायला कंपनी खरी की खोटी या वादात पडायची गरज नाही, तुम्हीच सांगितलेल्या आकड्यांतून ते निघतं. ताई, म्हणजे तुमच्या पत्नी, ऐकत नसतील तर भांडू नका. रात्री जेवणं झाल्यावर वही घेऊन बसा आणि पुढचा हिशेब दोघांनी मिळून मांडा.

भरायचे १२,०००. बॉक्समधला माल बाजारभावाने ४,००० चा धरू. हा अंदाज कंपनीच्या बाजूने झुकवलेला आहे. म्हणजे ८,००० वसूल व्हायला हवेत. जोडीला ९०० प्रमाणे नऊ जोड्या लागतात, ८,१०० होतात. नऊ जोड्या म्हणजे डावीकडे नऊ आणि उजवीकडे नऊ, अशी अठरा माणसं. एका बाजूला सतरा आणि दुसऱ्या बाजूला एक असेल तर जोडी एकच धरली जाते. आता असं समजा की सगळं आदर्श घडलं: प्रत्येकाने बरोब्बर दोघे आणले, मध्येच कुणी सोडलं नाही. ज्याच्या खाली तीन ओळी भरल्या, त्याच्या खाली २, ४ आणि ८ मिळून १४ माणसं झाली. सात जोड्या, ६,३०० रुपये. अजून तोटाच. चौथी ओळ भरली की माणसं ३०, जोड्या १५, रक्कम १३,५००. इथे तो माणूस सुटला.

याचा अर्थ, ज्याच्या खाली चार ओळी पूर्ण भरल्या तोच फायद्यात, आणि या साखळीच्या झाडाच्या सर्वांत खालच्या चार ओळींतले सगळे तोट्यात. त्या चार ओळींत माणसं किती? शेवटच्या ओळीत एकूण सभासदांपैकी निम्मे असतात, तिच्या वरच्या ओळीत पाव, मग अष्टमांश, मग सोळावा भाग. बेरीज करा: सोळातले पंधरा. शंभरातले जवळजवळ ९४. झाड आज थांबलं काय आणि दोन वर्षांनी थांबलं काय, हे प्रमाण हलत नाही. मेहनत केली तर एखादी बाई खालच्या चार ओळींतून वर सरकेल, पण त्यासाठी तिच्या खाली तीस जणींना यावं लागेल, आणि त्या तिशीतल्या बहुतेकींचे पैसे अडकलेले असतील. मीटिंगमध्ये ‘कष्ट करणारा पुढे जातो’ असं सांगतात तेव्हा हा भाग बोलला जात नाही.

माणसं कुठून येणार, हेही बघा. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या आसपास होती आणि जिल्ह्याची ४३ लाखांच्या. दुपटीने वाढणाऱ्या झाडात एकोणीस ओळी भरल्या तर एकूण माणसं १०,४८,५७४ होतात. त्यात पाळण्यातली मुलंसुद्धा धरली तरी शहर पुरत नाही. ‘फक्त पाच जण जोडा’ म्हणणारे प्लॅन तर अजून लवकर संपतात. नवव्या ओळीत एकटी १९,५३,१२५ माणसं लागतात, दहाव्या ओळीत ९७ लाखांच्या वर, म्हणजे जिल्ह्याच्या दुपटीहून जास्त. प्रत्यक्षात झाड इतकं वाढतच नाही. तिसऱ्या-चौथ्या ओळीलाच नात्यातली माणसं संपतात आणि ते वाळतं.

प्लॅनच्या पत्रकात बारीक अक्षरात ‘कॅपिंग’ असेल, ते शोधा. दिवसाला दहाच जोड्या, आठवड्याला अमुकच रक्कम, उरलेल्या जोड्या ‘फ्लश’, म्हणजे रद्द. लोकांना वाटतं ही कंपनीची शिस्त आहे. खरं कारण हिशेबात आहे. भरलेल्या झाडात ओळींची संख्या वाढते तशी सरासरी जोड्यांची संख्याही वाढत जाते. दहा ओळींच्या झाडात माणशी सरासरी चार जोड्या पडतात, अठरा ओळींच्या झाडात आठ. माल वजा जाता कंपनीकडे माणशी ८,००० उरतात. आठ जोड्यांना तेवढे सगळे द्यावे लागतील. ऑफिस, हॉटेलातले सेमिनार, मालकाचा नफा यांना काहीच उरणार नाही. म्हणून मर्यादा घालावीच लागते. कबूल केलेलं उत्पन्न सगळ्यांना देता येणार नाही हे प्लॅन बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं, त्याचा पुरावा तो कॅपिंगच्या कलमातच ठेवतो.

आता तो बॉक्स उघडून टेबलावर मांडा. माझ्या मते सगळ्या तपासण्यांत ही सर्वांत उपयोगी आहे आणि तिला एक दुपार पुरते. प्रत्येक बाटलीवर किंवा डब्यावर निव्वळ वजन, एमआरपी, बॅच आणि तारीख, बनवणाऱ्याचं नाव आणि १४ अंकी एफएसएसएआय (अन्न सुरक्षा परवान्याचा) क्रमांक बघा. बनवणारा एक आणि विकणारा दुसरा असं दिसेल. त्यात गैर काही नाही, पण ‘आमचं गुप्त संशोधन’ हा दावा तिथेच कमजोर होतो, कारण तोच कारखाना इतरांनाही माल भरून देत असण्याची शक्यता असते. मग प्रत्येक वस्तूचा १०० ग्रॅमचा किंवा १०० मिलीचा दर काढा. २०० ग्रॅमचा डबा १,२०० ला असेल तर दर ६०० झाला. घटकांची यादी घेऊन नव्या पेठेतल्या दोन मेडिकलमध्ये आणि एका आयुर्वेदिक दुकानात त्याच घटकांच्या मालाचा दर विचारून शेजारी लिहा. तीन-चार पट फरक दिसला तर तो मालाच्या किमतीतला फरक नव्हे. वरच्या ओळींना वाटायचं कमिशन तुमच्या बाटलीत भरलेलं आहे.

त्यानंतर एक सोपी कसोटी. तुमचा प्लॅनशी संबंध आहे हे न सांगता, ओळख नसलेल्या एका माणसाला तीच बाटली एमआरपीला विकून बघा. शेजारीण, नणंद, ऑफिसातला सहकारी चालणार नाही, ते तुमच्या शब्दाखातर घेतात. अनोळखी गिऱ्हाईक घेत नसेल तर त्या मालाला बाजारात मागणी नाही. तो माल फक्त आयडी, म्हणजे सभासद क्रमांक, चालू ठेवण्यासाठी खपतो आहे. मावसबहिणीलाही एवढंच विचारा: तुझ्या खालच्या माणसांपैकी आयडी न घेता दर महिन्याला नुसता माल विकत घेणारे किती? तिच्या मोबाइलमधल्या ॲपमध्ये असे ग्राहक बऱ्याचदा वेगळे दिसतात. ती यादी रिकामी असेल तर बाकी चर्चा करायची गरज नाही.

मालाबाबत एक गोष्ट पैशापेक्षा गंभीर आहे. या मीटिंगांत मधुमेह, संधिवात, कॅन्सर बरे झाल्याचे अनुभव सांगितले जातात. एफएसएसएआय क्रमांक असलेली वस्तू ही खाद्यपदार्थ आहे, औषध नव्हे. मधुमेह किंवा कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ चा औषधे आणि जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिरात) कायदा बंदी घालतो. घरात कुणी शुगरच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या बंद करून ही पावडर सुरू केली असेल, तर पैशाचं नंतर बघू. आधी त्या माणसाला डॉक्टरकडे न्या.

कायदेशीर बाजू. सगळी थेट विक्री बेकायदा नाही. सभासदाने माल खऱ्या ग्राहकाला विकला आणि त्या विक्रीवर कमिशन मिळालं, तर तो धंदा आहे. नवा माणूस भरती केल्याबद्दल पैसे मिळत असतील तर ती साखळी योजना. १९७८ चा प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स बंदी कायदा अशी योजना चालवायला तर मनाई करतोच, पण तिच्यात सभासद म्हणून नाव नोंदवायला आणि भाग घ्यायलाही करतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे उद्या प्रकरण उभं राहिलं तर कायद्याच्या नजरेत तुमची मावसबहीण फक्त फसवली गेलेली राहत नाही, भरती करणारीही ठरते. हे तिला प्रेमाने पण स्पष्ट सांगा. बहुतेकांना याची कल्पनाच नसते.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीचे नियम आले. त्यांत पिरॅमिड योजनेला बंदी आहे. आणि मीटिंगमध्ये हमखास कानावर येणारं एक वाक्य त्यात नेमकं पकडलेलं आहे: ‘आणखी दोघांना आणा, तुमचा माल फुकट पडला समजा.’ इतरांना आणून किंमत भरून निघेल असं सांगून ग्राहकाला खरेदी करायला लावणं या नियमांत बसत नाही. पुढच्या मीटिंगला जाणं झालंच तर हे वाक्य कोण, कधी, कुठे म्हणालं ते लिहून ठेवा.

मग कंपनी दाखवते ते कागद? कंपनी नोंदणीचं प्रमाणपत्र म्हणजे कंपनी स्थापन झाली, एवढंच. जीएसटी क्रमांक म्हणजे कर भरण्यासाठी नोंद झाली. पॅन कार्ड तर तुमच्याकडेही आहे. आयएसओ खासगी संस्था देतात आणि त्याचा प्लॅनच्या कायदेशीरपणाशी संबंध नाही. ‘सरकारमान्य डायरेक्ट सेलिंग’ म्हणून जे दाखवतात ते बहुतेक वेळा कंपनीने स्वतःच केलेलं घोषणापत्र असतं; २०२१ च्या नियमांनुसार आपण नियम पाळतो आणि पिरॅमिड चालवत नाही असं कंपनीलाच घोषित करावं लागतं. सरकारने प्लॅन तपासून शिक्का मारला असा त्याचा अर्थ नाही. कंपनी जुनी आणि मोठी आहे, हाही पुरावा पुरेसा नाही. ॲमवे इंडियासारख्या जुन्या नावाची ७५७.७७ कोटींची मालमत्ता अंमलबजावणी संचालनालयाने (ईडी) एप्रिल २०२२ मध्ये तात्पुरती जप्त केली, तीही पिरॅमिड चालवल्याच्या आरोपावरून. आरोप म्हणजे निकाल नव्हे. पण नाव मोठं म्हणून प्रश्न विचारायचेच नाहीत, असं होत नाही.

कागदांत बघायचंच असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव टाका. स्थापना कधी झाली, भागभांडवल किती, वार्षिक विवरणपत्रं भरली का, संचालक कधी नेमले गेले. भांडवल एक लाख, वय आठ महिने, आणि मंचावर ‘हजार कोटींची कंपनी’ असं म्हणत असतील तर निर्णय झाला.

सोलापुरात ही जाळी कुठून पसरतात ते माहीत असलेलं बरं. पूर्व भागात, कुंभारीकडच्या विडी कामगारांच्या घरकुलांत, यंत्रमाग आणि टॉवेल-चादरीच्या कारखान्यांवर काम करणाऱ्या घरांत बायकांचे गट घट्ट असतात. भिशी, बचत गट, मायक्रो फायनान्सचा आठवड्याचा हप्ता, सगळं एकमेकींच्या भरवशावर चालतं. लीडरला, म्हणजे साखळीत वर बसून माणसं जोडणाऱ्याला, अशी एक बाई सापडली की वीस घरांची दारं एकदम उघडतात. ‘भिशीसारखंच आहे गं’ असं सांगितलं जातं. तसं ते बिलकूल नाही. वीस जणींनी महिन्याला हजार घातले तर दर महिन्याला एकीला वीस हजार मिळतात, वीस महिन्यांत प्रत्येकीचा नंबर लागतो, आणि एकविसावी बाई आणायची गरज पडत नाही. जेवढे गेले तेवढे आले. साखळीत नवी बाई आली नाही तर त्याच दिवशी पैसा थांबतो.

गटाच्या कर्जाचा धोका वेगळा आहे. बचत गटाचं किंवा समूह हमीवरचं कर्ज उचलून तिघी-चौघींनी आयडी घेतल्या, की सहा महिन्यांनी त्यांचे हप्ते थकतात आणि ते बाकीच्या बायकांच्या गळ्यात पडतात. गटाची बँकेतली पत जाते, पुढचं कर्ज मिळत नाही, शिलाई मशिनीसाठी किंवा शेळ्यांसाठी थांबलेल्या बाईचंही काम अडतं. गटाच्या अध्यक्ष-सचिवांना विनंती: कर्जाच्या अर्जात ‘व्यवसाय’ असं मोघम लिहिलेलं असेल तर कसला व्यवसाय, ते विचारा आणि इतिवृत्तात नोंदवा.

तरुण मुलांसाठी सापळा निराळा असतो. पुण्यात किंवा दुसऱ्या शहरात नोकरी लागली म्हणून ओळखीचाच मित्र बोलावतो. मुलगा हुतात्मा एक्सप्रेसने जातो. तिथे एका खोलीत दहा-पंधरा मुलं, दिवसभर ‘ट्रेनिंग’, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळतं की आधी तीस-चाळीस हजार भरायचे आहेत. घरी ‘लॅपटॉप घ्यायचा आहे’ असं सांगायला शिकवतात. भरले की पुढचं काम म्हणजे गावाकडच्या मित्रांना तसेच फोन करणं. नोकरीच्या नावाखाली कुणी पैसे मागितले, नेमणुकीचं पत्र, पगार आणि कामाचा पत्ता लेखी द्यायला टाळाटाळ केली, तर मुलाला पहिल्या गाडीने परत बोलवा. ‘पैसे गेले म्हणून घरी कसं जाऊ’ या लाजेपोटी मुलं तिथे महिनोन्महिने राहतात; रागावणार नाही असं आधीच सांगून ठेवा.

शिक्षक, तलाठी, महापालिका किंवा जिल्हा परिषदेत काम करणाऱ्यांना लीडर मुद्दाम शोधतात, कारण त्यांच्या शब्दाला किंमत असते. त्यांना परवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही. पत्नीच्या नावाने आयडी आणि मीटिंगला मात्र साहेब, हा प्रकार विभागीय चौकशीपर्यंत जाऊ शकतो.

घरच्या मीटिंगची पद्धत ठरलेली असते. आधी ‘शंभर नावांची यादी’ लिहायला लावतात, लग्नाच्या आमंत्रणाची वही काढा म्हणतात. मग सांगतात, फोनवर प्लॅन सांगू नका, फक्त घरी बोलवा. कारण फोनवर माणूस विचार करून नाही म्हणू शकतो. समोर तीन माणसं आणि चहा असताना नाही म्हणणं जड जातं. शंका काढणाऱ्याला ‘निगेटिव्ह’ ठरवतात आणि त्याच्यापासून लांब राहायला शिकवतात. नवरा-बायकोत, भावाभावांत जे तेढ पडतं ते इथून. तुमच्या घरात वाद सुरू झाला असेल तर तो याच शिकवणीचा भाग आहे हे लक्षात घ्या आणि पत्नीवर चिडू नका.

काही कंपन्या म्हणतात, आम्ही भरतीवर पैसे देत नाही, महिन्याच्या खरेदीवर देतो. तिथे तोटा हळूहळू होतो, म्हणून उशिरा कळतो. एका महिन्याचा हिशेब उदाहरणादाखल मांडतो. आयडी ‘ग्रीन’ म्हणजे चालू ठेवायला खरेदी २,००० रुपये. लोकांना भेटायला फिरणं, पेट्रोल १,०००. सेमिनारचं तिकीट ३००. चहापाणी, रिचार्ज, नमुन्याच्या पुड्या ५००. एकूण ३,८०० गेले. खात्यात दोन जोड्यांचे १,८०० आले. घरात वापरलेल्या मालाची खरी किंमत ७०० धरा. तरी १,३०० तोटा, वर्षाला १५,६००. पण मोबाइलवर मेसेज येतो तो फक्त १,८०० जमा झाल्याचा, आणि स्टेटसला तोच लावला जातो. खर्चाचा मेसेज कुणी पाठवत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या कर्मचाऱ्यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये ७० अशा कंपन्यांनी स्वतः जाहीर केलेली उत्पन्नाची पत्रकं तपासली. बहुतेक सभासदांना वर्षाला १,००० डॉलर किंवा त्याहून कमी मिळत होते, आणि त्या आकड्यांतून खर्च सहसा वजा केलेला नव्हता.

आता मेव्हण्याचं. सहा महिने झालेत, म्हणजे क्रम चुकवून चालणार नाही. लीडरला ‘मी सोडतोय’ असं सांगण्याआधी कागद गोळा करा, कारण सांगितल्यावर लॉगिन बंद होऊ शकतं. ॲपमधली खरेदीची नोंद, उत्पन्नाची नोंद, खालच्या माणसांचं झाड, कंपनीच्या अटी, सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या, तारीख दिसली पाहिजे. व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडण्यापूर्वी संपूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल करा. बँकेचं स्टेटमेंट काढा आणि पैसे दिल्याच्या नोंदीपुढचा व्यवहार क्रमांक अधोरेखित करा.

पैसे रोख दिले असतील, आणि बऱ्याचदा तसेच दिलेले असतात, तर लीडरला साधा मेसेज पाठवा: ‘दादा, अमुक तारखेला तुमच्या घरी १२,००० रोख दिले होते, त्याची पावती अजून मिळाली नाही, पाठवता का?’ सुरात राग नको. ‘हो, कंपनीला भरलेत, बघतो’ एवढं उत्तर आलं तरी पैसे मिळाल्याची कबुली लेखी झाली. बिलही बघा. १२,००० घेतले आणि मालाचं बिल ७,००० चं असेल, तर उरलेले पाच हजार कसले, हा प्रश्न तक्रारीत पहिला घालायचा.

मग न उघडलेला माल मोजा, बॅच आणि मुदत लिहा, फोटो काढा. करारात ‘कूलिंग ऑफ’ म्हणजे दंडाशिवाय करार मोडायची मुदत असते. ती बहुधा गेली असेल, पण माल परत घेण्याचं कलम वेगळं असतं, ते वाचा. त्यानंतर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल आणि स्पीड पोस्टाने पत्र, दोन्ही. मजकूर असा पुरे:

‘मी अमुक तारखेला आयडी क्रमांक अमुक घेऊन १२,००० रुपये भरले. आजवर मला अमुक रुपये मिळाले. मी आजपासून सभासदत्व रद्द करत आहे. सोबतच्या यादीप्रमाणे न उघडलेला माल परत घेऊन रक्कम माझ्या खात्यात जमा करावी. माझ्या नावाने पुढील कोणतीही खरेदी किंवा भरती दाखवू नये. माझी केवायसी कागदपत्रं वापरू नयेत.’

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. आयडी चालू राहिली तर वरचा माणूस तिच्याखाली माणसं लावत राहतो आणि नाव मेव्हण्याचं जातं. थेट विक्रीच्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच कामकाजाच्या ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत व्हायला हवं. महिना थांबा, त्याहून जास्त नको.

उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग; तक्रार ऑनलाइनही करता येते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. कंपनी तिथे ‘हा ग्राहक नाही, आमचा वितरक आहे, व्यापारी हेतूने माल घेतला’ असा बचाव घेते. म्हणून तक्रारीत स्वतःच्या वापरासाठी किती माल घेतला आणि उपजीविकेसाठी स्वतः काम करत होतो, हे सुरुवातीलाच लिहा.

पोलिसांकडे कधी जायचं? ठरावीक परताव्याचं आश्वासन होतं, अनेकांचे पैसे अडकलेत, ऑफिस बंद झालं किंवा लीडर फोन उचलत नाहीत, तेव्हा वेळ घालवू नका. शहरात पोलीस आयुक्तालयाची आर्थिक गुन्हे शाखा, बार्शी, मोहोळ, पंढरपूरसारख्या तालुक्यांसाठी ग्रामीण पोलीस. दहा-वीस जणांनी एकत्र अर्ज द्या आणि सोबत एकच तक्ता जोडा: नाव, तारीख, रक्कम, कशी दिली, कुणाला दिली, परत किती मिळाली, बाकी किती. असा तक्ता असलेला अर्ज तपास अधिकाऱ्याला लगेच वापरता येतो. नुसती कैफियत असलेला पडून राहतो. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. ठेवीसारखे पैसे घेऊन परतावा कबूल केला असेल तर महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात, लावावा अशी मागणी अर्जात नमूद करा. त्यात सहा वर्षांपर्यंत शिक्षा तर आहेच, पण महत्त्वाचं हे की मालमत्ता जप्त करून तिच्यातून लोकांचे पैसे देण्याची सोय आहे. पैसे नुकतेच ऑनलाइन गेले असतील तर मात्र आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन, आणि तासाभरात.

मेव्हण्याच्या खाली कुणी आलं असेल तर त्यांना त्यानेच सांगायला हवं, आणि लवकर. त्यांच्या जोडीवर त्याला जे कमिशन मिळालं तेवढं तरी परत द्यावं, खात्यातून द्यावं आणि पोच घ्यावी. पुढे चौकशी झाली तर ती नोंद त्याच्या कामी येते. नातं त्याआधीच वाचतं, ते वेगळं. ‘आपण अजून दोघे आणू म्हणजे आपले निघतील’ असं मात्र कुणीही म्हणू नये. हा तोटा दोन घरांतून चार घरांत जातो, भरून निघत नाही.

या टप्प्यावर आणखी एक फोन येतो: तुमचे अडकलेले पैसे काढून देतो, आधी दहा टक्के फी भरा. हे लोक बुडालेल्यांच्या याद्या मिळवून फोन करतात. एक रुपयाही देऊ नका, ओटीपी सांगू नका.

आणि लीडरने मिटवण्यासाठी चेक दिला तर तारखा सांभाळा. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत भरायचा. ‘जरा थांबा, पुढच्या महिन्यात टाका’ असं म्हणत मुदत संपवतात. चेक परत आला तर बँकेचा मेमो हातात आल्यापासून तीस दिवसांत रक्कम मागणारी लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर त्यानंतरच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. नोटीस वकिलाकडूनच पाठवा आणि पोस्टाची पोच जपून ठेवा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, बहुतेक पुरुषांना उत्पन्नाचा दाखला लागतो, तो तहसील कार्यालयातून आधीच काढून ठेवा.